चालतंय ना? मग झालं!

गेल्या शनिवारी सकाळी साडेआठला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मामेबहीण. एका शाळेत विज्ञान शिकवते आणि "तुम्हाला जमतं ना थोडंफार" या एका वाक्यावर गेली तीन वर्षं शाळेची कॉम्प्युटर लॅब तिच्या गळ्यात पडलेली आहे. शनिवारी साडेआठला सॉफ्टवेअरवाल्याला फोन करू नये हा साधा शिष्टाचार तिला माहीत आहे. त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे रिंग वाजतानाच कळलं.

"अरे, तो फिल्टर चालू आहे, पण सगळं उघडतंय."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. आता फोनवर काय काय सांगू तुला?"

तर झालं असं होतं की सातवीच्या एका मुलाच्या वडिलांनी लेखी तक्रार दिली होती. मुख्याध्यापक बाईंनी ताईला बोलावून एकच प्रश्न विचारला: फिल्टर बंद कुणी केला? सर्व्हरचा पासवर्ड दोघांकडे. एक शाळेने नेमलेला नेटवर्कवाला आणि दुसरी ताई. नेटवर्कवाल्याने फोनवर सांगून टाकलं की माझ्या बाजूने सगळं ओके आहे, कुणीतरी आत जाऊन सेटिंग बदललं असणार. हा "कुणीतरी" कोण ते सांगायला गणितज्ञ लागत नाही. संस्थेच्या कमिटीपुढे सोमवारी खुलासा द्यायचा होता.

मी चहा पिऊन निघालो. आणि दिवसभर त्या मशीनसमोर बसून जे बघितलं त्याने डोकं इतकं फिरलं की हा लेख लिहितोय. तांत्रिक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्या हापिसात हेच चाललेलं नसेल तर मी वडापाव देईन.

(कमांडा देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका, नाहीतर मला शिव्या घालाल.)

आधी व्यवस्था काय होती ते सांगतो. एक उबुंटू सर्व्हर. त्यावर स्क्विड, म्हणजे वेब प्रॉक्सी. लॅबमधल्या २४ आणि स्टाफरूममधल्या ३ मशीनचे ब्राउझर थेट इंटरनेटवर जात नाहीत, स्क्विडच्या ३१२८ पोर्टला विनंती करतात आणि स्क्विड पुढे जातो. स्क्विडच्या पाठीशी स्क्विडगार्ड नावाचा जुना पण कामसू प्रोग्राम. स्क्विड त्याला प्रत्येक पत्ता विचारतो: जाऊ देऊ का? स्क्विडगार्ड आपल्या यादीत बघतो आणि हो किंवा नाही म्हणतो. यादी फ्रान्समधल्या तुलूज विद्यापीठाची. ते लोक कित्येक वर्षं वर्गवारी केलेल्या साइट्सची यादी फुकट देतात. दर रविवारी रात्री २ वाजता एक स्क्रिप्ट नवी यादी उतरवते, जुनी उडवते, नवीची डेटाबेस फाइल बांधते आणि स्क्विडला "पुन्हा वाच" असं सांगते. आराखडा म्हणून यात काही वाईट नाही. मी लावला असता तर साधारण असाच लावला असता.

स्क्विड चालू आहे का? हिरवा दिवा, ॲक्टिव्ह, रनिंग. स्क्विडगार्डच्या पाच प्रक्रिया? त्याही जिवंत. कॉन्फिगरेशन? कुणी हात लावलेला नाही, फाइलची तारीखच सांगत होती. मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. रूट होऊन स्क्विडगार्डला हाताने एक बंदी असलेला पत्ता खाऊ घातला. त्याने इमानदारीत "नाही" म्हटलं. फिल्टर उत्तम चालू! पण लॅबमधल्या ब्राउझरवर तोच पत्ता टाकला तर धडधडीत उघडतोय.

इथेच नव्वद टक्के लोक फसतात, आणि मीही दहा मिनिटं फसलो. मंडळी, रूट म्हणून केलेली चाचणी ही परमिशनची चाचणीच नव्हे. रूटला लिनक्सचा कर्नल वाचण्या-लिहिण्यापासून साधारणपणे अडवतच नाही. मालकाने स्वतःच्या घराच्या दाराला धक्का दिला आणि दार उघडलं, म्हणून पाहुण्यासाठी ते उघडं आहे असं होत नाही. स्क्विड रूट म्हणून सुरू होतो खरा, पण लगेच अधिकार टाकून साध्या युजरचं रूप घेतो. डेबियन-उबुंटूवर तो युजर "प्रॉक्सी", रेड हॅटच्या घराण्यात "स्क्विड". स्क्विडगार्डला स्क्विडच जन्म देतो, म्हणून तोही "प्रॉक्सी" म्हणूनच चालतो. तेव्हा प्रश्न विचारायचा तो त्याच्या तोंडून: सुडो, मग उणे यू, मग प्रॉक्सी, आणि मग तीच चाचणी.

टाकली. ताबडतोब उत्तर: परमिशन डिनाइड. आणि त्याखाली एक ओळ, जी वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. स्क्विडगार्ड म्हणत होता की मी इमर्जन्सी मोडमध्ये जातोय.

इमर्जन्सी मोड म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी जरा सावरून बसा. स्क्विडगार्डला स्वतःची यादी वाचता आली नाही तर तो मरत नाही, स्क्विडला अडवत नाही, कुणाला उठवत नाही. लॉगमध्ये एक ओळ टाकतो आणि त्यानंतर प्रत्येक पत्त्याला "जाऊ दे" म्हणतो. प्रत्येक! वॉचमनची चष्म्याची काच फुटली, म्हणून त्याने गेट उघडून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकत बसला. युनिफॉर्म अंगावर, शिट्टी गळ्यात, हजेरी लागलेली. हिरवा दिवा.

आता यादी का वाचता येत नव्हती? यासाठी एक कमांड आहे, जी मला नोकरीला लागून सात वर्षं झाल्यावर कळली आणि जी पहिल्या दिवशी शिकवायला हवी: नेमआय, उणे एल. तिला लांबलचक पाथ दिला की ती मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परमिशन उभ्या यादीत मांडते. कारण फाइल वाचायला फाइलची परमिशन पुरत नाही. वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीतून जाण्याची, म्हणजे तिच्या एक्स बिटची परवानगी लागते. सोसायटीचं गेट, विंगचं दार, फ्लॅटचं दार. फ्लॅट उघडा असून काय उपयोग, गेटवर अडवलं तर?

इथे गेटवरच अडलं होतं. यादीची डिरेक्टरी रूटच्या मालकीची आणि परमिशन ७००. आतल्या डेटाबेस फाइल्स रूटच्याच, ६००. म्हणजे रूट सोडून कुणालाही काहीही दिसणार नाही. का? कारण ती रविवारची स्क्रिप्ट रूट म्हणून चालत होती आणि त्या मशीनवर रूटचा युमास्क ०७७ होता. युमास्क म्हणजे नवी फाइल जन्माला येताना तिच्याकडून कोणत्या परवानग्या काढून घ्यायच्या त्याचा मुखवटा. ०७७ म्हणजे ग्रुपला शून्य, जगाला शून्य. हे सेटिंग चांगलं आहे बरं का! ज्याने सर्व्हर पहिल्यांदा लावला तो माणूस कुणीतरी विचारी होता. फक्त स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं, आणि दोघांची गाठ कधी पडली नाही.

म्हणजे दर रविवारी रात्री २ वाजून काही मिनिटांनी फिल्टर स्वतःचे डोळे स्वतः काढून घेत होता.

इथपर्यंत ही नुसती चूक आहे. चुका होतात, मी रोज करतो, पगार मिळतो. माझं भांडण पुढच्या भागाशी आहे.

ताईने शाळेची फाइल आणली. नेटवर्कवाल्याची तीन बिलं. तिन्हींवर एकच वाक्य: परमिशन इश्यू सोडवला. म्हणजे हा प्रकार पूर्वी तीनदा लक्षात आला होता, तीनदा तो येऊन गेला होता, तीनदा पैसे घेतले होते. काय सोडवलं होतं ते रूटच्या कमांड हिस्टरीत व्यवस्थित होतं. पहिल्या खेपेला यादीच्या डिरेक्टरीवर सीएचमॉड, उणे कॅपिटल आर, ७७७. दुसऱ्या खेपेला तेच, वर लॉगच्या डिरेक्टरीवरही. तिसऱ्या खेपेला वैतागून /ईटीसी/स्क्विड वर सुद्धा.

७७७ म्हणजे मालकाला वाचा-लिहा-चालवा, ग्रुपला वाचा-लिहा-चालवा, आणि मशीनवर ज्याचं ज्याचं खातं आहे त्या प्रत्येकाला वाचा-लिहा-चालवा. चार अधिक दोन अधिक एक, तीनदा. टाकली की चालतं. चालणारच! कुलूप उघडत नाही म्हणून दार बिजागरीसकट काढून ठेवलं तर माणूस आत जाणारच की. आणि पुढच्या रविवारी स्क्रिप्टने जुनी डिरेक्टरी उडवून नवी केली, पुन्हा ७००, पुन्हा इमर्जन्सी मोड. पण तोपर्यंत त्याने "चेक केलं, चालतंय" असं दाखवून सही घेतलेली होती.

"चालतंय ना? मग झालं." आपल्या धंद्याचं हे बोधवाक्य आहे. कुठल्याही स्टँडअपमध्ये बघा, मॅनेजर विचारतो "झालं का?" आणि "का होत नव्हतं?" हा प्रश्न विचारणारा मॅनेजर मी अठरा वर्षांत दोनदा पाहिला. त्यातला एक नंतर शेती करायला गावी गेला. आपण बग मिटवत नाही, लक्षण मिटवतो. ७७७ ही त्या वृत्तीची सर्वात शुद्ध, तीन आकड्यांत मावणारी आवृत्ती आहे. तिच्या जुळ्या बहिणीही ओळखून घ्या: एसईलिनक्स अडवतंय, सेटएनफोर्स शून्य. सर्टिफिकेटची एरर येतेय, व्हेरिफाय फॉल्स. डेटाबेसला कनेक्ट होत नाही, सगळ्या आयपींना परवानगी. प्रत्येक वेळी यंत्र आपल्याला काहीतरी सांगत असतं आणि आपण त्याचं तोंड दाबून "चालू झालं" म्हणतो.

मी धुतल्या तांदळासारखा नाही. पहिल्या नोकरीत, प्रॉडक्शनच्या मशीनवर, अपलोड होत नाही म्हणून मी /युएसआर वर उणे आर ७७७ मारलं होतं. पुढे काय झालं? सुडो बंद पडला. कारण सुडोच्या फाइलवर सेटयूआयडी नावाचा एक वेगळा बिट असतो, आणि असा आकडा मारला की तो बिट पुसला जातो. मग सुडो म्हणतो, मी रूटचा आहे पण माझ्याकडे तो बिट नाही, सबब मी काम करणार नाही. आणि परमिशन दुरुस्त करायला हवा सुडो! त्या रात्री डेटा सेंटरला रिक्षाने गेलो होतो. रिक्षावाल्याशी झालेल्या गप्पा तेवढ्या छान आठवतात. असो.

गंमत बघा, बरेचसे शहाणे प्रोग्राम ७७७ बघून उलट काम थांबवतात. एसएसएचला तुमच्या खाजगी किल्लीची फाइल सगळ्यांना वाचता येते असं दिसलं तर तो ती किल्ली वापरायलाच नकार देतो. मायएसक्यूएल सगळ्यांना लिहिता येणारी कॉन्फिग फाइल दुर्लक्षितो. आणि लॉगरोटेट! त्याची कथा तर इथेच घडली. लॉगची डिरेक्टरी सगळ्यांना लिहिता येण्यासारखी असेल तर लॉगरोटेट म्हणतो, हे असुरक्षित आहे, मी इथल्या फाइली फिरवणार नाही. म्हणजे दुसऱ्या भेटीत ज्या दिवशी /व्हार/लॉग/स्क्विड वर ७७७ पडलं, त्या दिवसापासून लॉग कापले जाणं बंद. ॲक्सेस लॉग ११ जीबीचा झाला होता, डिस्क ८२ टक्के भरली होती. आणखी काही महिन्यांनी डिस्क भरून स्क्विड कोसळला असता. (लॉग लिहिताच आला नाही तर मरताना स्क्विड जे म्हणतो त्याचा अर्थ साधारण "मला ही एरर नीट हाताळता येत नाही" असा आहे. सोर्समध्ये खरंच आहे. इतका प्रामाणिकपणा माणसांत आला तर बघा.) मग नेटवर्कवाला चौथ्यांदा आला असता आणि लॉग डिलीट करून चौथं बिल लावून गेला असता.

पण याच भानगडीमुळे ताई वाचली. लॉग कापलेच गेले नाहीत, म्हणून स्क्विडगार्डचा सगळा इतिहास शाबूत होता. १९ रविवार. प्रत्येक रविवारी रात्री २ नंतर यादी बदलल्याची नोंद आणि लगेच इमर्जन्सी मोडची नोंद. रात्री २ वाजता ताई घरी झोपलेली असते याला तिच्या सासूबाई साक्षीदार आहेत. आम्ही ती एकोणीस पानं छापली.

"म्हणजे एकोणीस आठवडे हे असंच होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मुलांना माहीत होतं."

मी काही बोललो नाही. मुलांना अर्थातच माहीत होतं.

आता तिसरी भेट. यावर मी सर्वात जास्त चिडलोय, आणि कमिटीला तर ते समजावायलाही तासभर लागला.

/ईटीसी/स्क्विड मध्ये कॉन्फिग फाइल असते. ती ७७७ झाली म्हणजे कुणीही ती बदलू शकतो. याच सर्व्हरवर आठवी ते दहावीच्या मुलांची खाती आहेत, ती एसएसएचने येऊन शेल शिकतात. (हा ताईचा उपक्रम, आणि मला त्याचा अभिमान आहे.) म्हणजे ज्यांच्यासाठी फिल्टर, त्यांनाच फिल्टरच्या कॉन्फिगवर लिहिण्याची मुभा. पण तेही सोडा. त्याच डिरेक्टरीत एक खाजगी किल्ली होती.

थोडं समजावतो. एचटीटीपीएसमध्ये ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं कुलूपबंद असतं, प्रॉक्सीला आतलं दिसत नाही. ते बघायचं असेल तर स्क्विडमध्ये एसएसएल बंप नावाची सोय आहे. शाळेने स्वतःचं एक सर्टिफिकेट-देणारं खातं तयार करायचं, त्याचं प्रमाणपत्र सगळ्या मशीनच्या ब्राउझरमध्ये "यावर विश्वास ठेव" म्हणून टाकायचं, मग स्क्विड मधे बसून प्रत्येक साइटच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट जागेवर बनवतो. ब्राउझर फसतो, कुलपाचं चित्र दाखवतो, स्क्विड सगळं वाचतो. नेटवर्कवाल्याने हे लावलं होतं कशासाठी? तर बंदी असलेल्या साइटवर शाळेच्या लोगोसकट "प्रवेश नाही" असं पान दिसावं म्हणून. बंपशिवाय एचटीटीपीएस साइटवर ब्राउझरची रुक्ष एरर दिसते, ती मॅनेजमेंटला आवडली नव्हती. लोगोसाठी!

त्या खोट्या सर्टिफिकेटांवर सही करणारी खाजगी किल्ली ७७७. सर्व्हरवर खातं असलेल्या कुठल्याही मुलाने ती एका कॉपी कमांडने घरी नेली असेल तर तो कुठल्याही बँकेचं, कुठल्याही मेलचं सर्टिफिकेट बनवू शकतो, आणि शाळेतली २७ मशीन्स ते डोळे झाकून खरं मानतील. स्टाफरूममध्ये शिक्षक पगार आला का ते बघतात, ऑनलाइन बिलं भरतात. शाळेच्या नेटवर्कवर मधे घुसणं ही काही फार अवघड विद्या नाही, दहावीतला हुशार मुलगा एका रविवारात शिकेल. कुणी नेली का? कळायला मार्ग नाही. फाइल वाचल्याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

हे काल्पनिक भय नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुपरफिश प्रकरण गाजलं होतं, आठवत असेल. लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जाहिराती घुसवणारं एक सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं होतं आणि ते हाच उद्योग करायचं, ब्राउझर आणि साइटच्या मधे बसायचं. सगळ्या लॅपटॉपवर किल्ली एकच, आणि तिचा पासवर्ड काय, तर ज्या कंपनीचं तंत्र आत वापरलं होतं तिचंच नाव. रॉबर्ट ग्रॅहम नावाच्या सुरक्षातज्ज्ञाने तो शोधून जाहीर केला. जगभर बोंब झाली. आमच्या शाळेत पासवर्डही नव्हता.

आता काही जण म्हणतील (म्हणतातच, मला ओळखतात ते आधीच टाइप करत असतील) की बाबा रे, छोट्या शाळेला कुठे परवडतो सिक्युरिटी एक्स्पर्ट? तीन बिलांची बेरीज केली. त्या पैशांत नेमआयचं उत्तर वाचणारा माणूस दोन दिवस बसवता आला असता. अज्ञानाची किंमत ज्ञानापेक्षा कमी असते हा आपला लाडका गैरसमज आहे. दुसरे म्हणतील, लिनक्सच्या परमिशन कटकटीच्या आहेतच. हे मात्र मला मान्य आहे. "परमिशन डिनाइड" एवढंच सांगून गप्प बसणारी एरर म्हणजे सरकारी कार्यालयातल्या खिडकीवरचा "उद्या या". कुणाला, कुठल्या पायरीवर, कशासाठी नाकारलं हे ती सांगत नाही. कधी नकार फाइलच्या मोडमुळे असतो, कधी ॲपआर्मरमुळे, कधी युजरला ग्रुपमध्ये टाकलं पण चालू प्रक्रिया जुनेच ग्रुप घेऊन बसलेली असते आणि तिला रीस्टार्ट लागतो. यात माणूस दमतो, समजू शकतो. पण दमलेला माणूस आणि बिल लावणारा माणूस यांच्यात मी फरक करतो.

आणि स्क्विडगार्ड बनवणाऱ्यांवरही माझा राग आहे. सॉल्टझर आणि श्रोडर या जोडीने १९७५ साली एका निबंधात लिहून ठेवलंय की परवानगीचा पाया "मुळात नाही" असा असावा, यंत्रणा बिघडली तर ती नकाराच्या बाजूला पडावी. १९७५! आपल्यातले बरेच जण जन्मलेले नव्हते. यावर युक्तिवाद असा की फिल्टर बिघडला म्हणून अख्ख्या कंपनीचं इंटरनेट बंद पडू नये. कंपनीसाठी ठीक आहे. पण शाळेच्या लॅबमध्ये इंटरनेट बंद पडलं असतं तर सोमवारी पहिल्या तासाला दहा मिनिटांत बोंब झाली असती आणि मूळ कारण पहिल्याच आठवड्यात सापडलं असतं. निर्णय जागेवर अवलंबून आहे, तो निदान विचारून तरी घ्या. गुपचूप उघडं पडणारं कुलूप मला नको.

दुरुस्ती किती होती सांगू? क्रॉनच्या ओळीत युजरच्या जागी "रूट" होतं, तिथे "प्रॉक्सी" लिहिलं. बस. यादी ज्याला वाचायची त्यानेच ती उतरवावी आणि बांधावी, मालकी आपोआप त्याची, युमास्क ०७७ असला तरी बिघडत नाही. फक्त शेवटचं, स्क्विडला पुन्हा वाचायला सांगण्याचं काम वेगळ्या ओळीत रूटकडे ठेवलं. यादीची डिरेक्टरी एकदाच प्रॉक्सीच्या नावे केली. लॉगची डिरेक्टरी ७५०, लॉगरोटेट लगेच कामाला लागला. /ईटीसी/स्क्विड परत रूटच्या मालकीचं, बाकीच्यांना फक्त वाचायची मुभा. आणि एक दहा ओळींची स्क्रिप्ट, जी दर तासाला प्रॉक्सीमधून एक बंदी असलेला पत्ता मागते आणि तो मिळालाच तर ताईला मेल टाकते. हिरव्या दिव्यावर माझा विश्वास उडालाय.

खरं काम किल्लीचं होतं. किल्ली एकदा उघडी पडली की तिची परमिशन ६०० करून उपयोग नाही, कॉपी गेली ती गेली. नेटवर्कवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "सर, सीएचमॉड करून टाका ना परत." मी फोन ठेवला. बंप पूर्ण काढून टाकला. ब्राउझरमध्ये प्रॉक्सी उघडपणे लावलेला असेल तर ब्राउझर कुलूपबंद बोलण्याआधी स्क्विडला साइटचं नाव स्वतःच सांगतो, आणि यादीनुसार अडवायला तेवढं नाव पुरतं. लोगोचं पान दिसणार नाही, इतकंच. मग २७ मशीनवर एकेक करून ते जुनं प्रमाणपत्र काढलं. प्रत्येक मशीनवर दोनदा, कारण फायरफॉक्सचं कपाट वेगळं असतं. लॅबच्या शिपाईकाकांनी मधे दोनदा चहा आणला आणि विचारलं, "साहेब, व्हायरस आहे का?" मी "हो" म्हणालो.

सोमवारी कमिटी झाली. एकोणीस पानं बघून ताईवरचा आळ गेला, तिची कुणी माफी वगैरे मागितली नाही. शिक्षकांना बँकेचे पासवर्ड बदलायला सांगा, असं मी लिहून दिलं होतं. त्यावर "घबराट नको" असं ठरलं. ताईने स्टाफरूममध्ये स्वतः उभं राहून सांगितलं.

एका सदस्यांचा मात्र वेगळाच मुद्दा होता. ते म्हणाले, बंप परत लावता येईल का, म्हणजे शिक्षक तासाला काय बघतात तेही कळेल. फाइलची परवानगी कुणाला असावी यावर तीन बिलं निघाली आणि माणसांचं बोलणं वाचायची परवानगी कुणी दिली हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नाही. मी म्हटलं, नवीन किल्ली कोण सांभाळणार त्याचं नाव आणि सही द्या, आणि शिक्षकांना लेखी कळवा की त्यांचा मेल आणि बँक वाचली जाणार आहे. ते म्हणाले, "लेखी कशाला?"

विषय पुढच्या शनिवारच्या बैठकीवर ढकललाय. मला बोलावलंय. सकाळी साडेआठला.